दाबमापनातील अध्याहृत पदे : वायुभाराच्या एककांचा व त्यांच्या रूपांतराचा इतिहास

पदार्थविज्ञानाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या शेवटी एककांच्या रूपांतराचे एक कोष्टक दिलेले असते. पाऱ्याचा एक इंच म्हणजे ३३.८६ मिलिबार, चौरस इंचावर एक पौंड म्हणजे ६.८९५ किलोपास्कल, अशा त्यातील ओळी विद्यार्थी गरजेपुरत्या पाहून घेतो आणि रूपांतर म्हणजे एक साधा गुणाकार होय, अशी त्याची समजूत होऊन बसते. लांबीच्या एककांपुरती ही समजूत फारशी चुकीची नाही. दाबाच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. जुन्या नोंदवहीत "३० इंच" असे लिहिलेले असते, तेव्हा ते पूर्ण वाक्य नसते. कोणत्या देशाचा इंच, कोणत्या द्रवाचा स्तंभ, त्या द्रवाचे तपमान किती, त्या ठिकाणी पृथ्वीचे आकर्षण किती, आणि मोजणीचा आरंभ निर्वातापासून की भोवतालच्या हवेपासून, एवढी पदे त्या दोन शब्दांत अध्याहृत असतात. लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला ती ठाऊक असतात तोवर त्यांच्या उच्चाराची गरज भासत नाही. नोंद एका पिढीकडून दुसरीकडे, वा एका शास्त्राकडून दुसऱ्याकडे गेली, की ती पदे परत भरावी लागतात. दाबाच्या एककांचा पावणेचारशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास हा बव्हंशी या गाळलेल्या पदांचा इतिहास आहे.

गॅलिलिओच्या १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन नव्या शास्त्रांवरील संवादात्मक ग्रंथात असा उल्लेख येतो, की शोषणपंपाने पाणी सुमारे १८ ब्राच्चोंपेक्षा वर चढत नाही. ब्राच्चो म्हणजे बाहू. फ्लॉरेन्सचा ब्राच्चो सुमारे ५८ सेंटिमीटरांचा, म्हणजे आपल्याकडील 'हाता'हून बराच मोठा होता. त्या हिशेबाने ही मर्यादा साडेदहा मीटरांच्या आसपास येते. १६४४ च्या ११ जून रोजी एव्हानजेलिस्ता टॉरिचेली याने रोममधील आपला मित्र मिकेलांजेलो रिची यास एक पत्र लिहिले. त्यात पाऱ्याने भरलेल्या व पाऱ्याच्याच भांड्यात उलट्या धरलेल्या नळीचा प्रयोग वर्णिला असून स्तंभाची उंची "सव्वा ब्राच्चो आणि वर एक बोट" या अर्थाने सांगितलेली आहे. प्रत्यक्ष प्रयोग व्हिव्हियानी याने केला होता. पाण्याचे अठरा ब्राच्चो आणि पाऱ्याचा सव्वा ब्राच्चो ही एकाच दाबाची दोन नावे होत, ही जाणीव या पत्राच्या मुळाशी आहे. पारा पाण्याच्या सुमारे १३.६ पट जड असल्यामुळे अठराला त्या संख्येने भागले असता १.३ च्या जवळ उत्तर येते. सव्वा आणि एक बोट यांच्याशी ते चांगले जुळते. दाबाच्या एककांचे पहिले रूपांतर याच ठिकाणी झाले असे म्हणावयास हरकत नाही. ते करणाऱ्याकडे 'एकक' ही कल्पना नव्हती, 'दाब' हा शब्दही आजच्या अर्थाने नव्हता. त्याच्याकडे होती ती फक्त उंची.

दाब सांगावयाचा आणि उच्चारावयाची ती उंची, हा आलंकारिकांच्या परिभाषेत लक्षणेचा प्रकार होय. या लक्षणेची सोय मोठी होती. नळी रुंद असो वा अरुंद, स्तंभाची उंची तीच राहते. क्षेत्रफळ हिशेबातून आपोआप गळते. सुताराची पट्टी एवढेच साधन पुरते. परंतु त्या सोयीबरोबरच घनता, तपमान आणि गुरुत्व ही तिन्ही पदे वाक्यातून नाहीशी झाली. पुढील अडीचशे वर्षे ती एकेक करून परत आणावी लागली.

पहिली अडचण पट्टीचीच निघाली. पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए याने १९ सप्टेंबर १६४८ रोजी क्लेरमाँ येथे व जवळच्या प्वी-द-दोम पर्वताच्या माथ्यावर पाऱ्याची उंची मोजली. खाली ती २६ इंच ३ १/२ रेषा भरली, माथ्यावर २३ इंच २ रेषा. हे आकडे विज्ञानाच्या इतिहासावरील अनेक पुस्तकांत जसेच्या तसे आढळतात आणि वाचक नकळत त्यांना इंग्रजी इंच समजतो. पॅरिसचा इंच २७.०७ मिलिमीटरांचा होता व त्याचे बारा भाग म्हणजे बारा रेषा. पॅरिसच्या मापाने खालची उंची ७१२ मिलिमीटर, म्हणजे आजचे सुमारे ९४९ हेक्टोपास्कल. इंग्रजी इंच धरले तर तीच नोंद ८९० हेक्टोपास्कलांवर येते, आणि क्लेरमाँ गाव आहे त्याहून पाचशे-सहाशे मीटर उंच जाऊन बसते. स्वीडनमधील गोष्ट याहून चमत्कारिक आहे. उप्साला व स्टॉकहोम येथील वायुभाराच्या नोंदी अठराव्या शतकात सुरू झालेल्या असून जगातील सर्वांत दीर्घ मालिकांत त्यांची गणना होते. त्यांतील काही भाग २९.६९ मिलिमीटरांच्या स्वीडिश दशांश इंचांत आहे. त्या इंचांत २५.६० ही नोंद म्हणजे अगदी साधा दिवस, ७६० मिलिमीटर. इंग्रजी इंच धरून वाचल्यास तीच नोंद ८६७ हेक्टोपास्कल होते. पृथ्वीवर समुद्रसपाटीला प्रत्यक्ष मोजलेला सर्वांत कमी वायुभार, १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये पॅसिफिक महासागरातील 'टिप' या तुफानाच्या केंद्रातील, ८७० हेक्टोपास्कल होता. तेव्हा एका शब्दाच्या गैरसमजातून स्टॉकहोमच्या शांत आकाशात जगातील सर्वांत भयंकर वादळ उभे राहू शकते.

इतकी ढोबळ चूक निदान चटकन ध्यानात येते. तपमानाची चूक तशी येत नाही. पारा तापला की प्रसरण पावतो, हलका होतो, आणि त्याच दाबाला अधिक उंच चढतो. उंची मोजणारी पितळी पट्टीही तापते, पण कमी. म्हणून सर्व नोंदी पाऱ्याच्या एका ठराविक तपमानावर, म्हणजे बर्फ वितळण्याच्या बिंदूवर, आणून ठेवण्याचा प्रघात पडला. इंग्रजी पद्धतीत येथे एक गंमत आहे. पाऱ्याचे प्रमाण तपमान ३२ अंश फॅरनहाइट धरलेले होते, पण इंग्रजी लांबीचे प्रमाण ६२ अंशांवर खरे धरलेले. एकाच यंत्रात दोन प्रमाण तपमाने नांदत होती. परिणाम असा, की इंग्रजी वायुभारमापकाची तपमान-दुरुस्ती ३२ अंशांवर शून्य होत नाही, ६२ वरही होत नाही. ती सुमारे २८.६ अंशांवर शून्य होते. या आकड्याला निसर्गात काहीही अर्थ नाही. दोन खात्यांचे नियम एका नळीत एकत्र आले, एवढाच त्याचा अर्थ.

गुरुत्वाचे पद सर्वांत शेवटी परत आले. ७६० मिलिमीटर पाऱ्याचे वजन विषुववृत्तावर कमी व ध्रुवाकडे जास्त भरते, त्यामुळे केवळ उंची सांगून दाब ठरत नाही. १९०१ साली तिसऱ्या सार्वत्रिक वजनमाप परिषदेने गुरुत्वजन्य प्रवेगाचे प्रमाण मूल्य दर सेकंदास दर सेकंदाला ९८०.६६५ सेंटिमीटर असे ठरविले. एकोणिसाव्या शतकातील अनेक वेधशाळांच्या छापील कोष्टकांत तपमानाची दुरुस्ती केलेली असते पण गुरुत्वाची नसते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. युरोपातील मध्यम अक्षांशांवर काम करणाऱ्यांना तिची उणीव फारशी जाणवत नव्हती. उष्णकटिबंधात ती जाणवण्याजोगी आहे.

उंचीच्या या लक्षणेपासून सुटका करून घ्यावी आणि दाब हा दाब म्हणूनच, म्हणजे क्षेत्रफळावरील बल म्हणून सांगावा, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी बळावला. नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९१० साली सँडस्ट्रॉम यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चौरस सेंटिमीटरावर दहा लक्ष डाइन या दाबाला 'बार' हे नाव वापरले. त्याचा सहस्रांश तो मिलिबार. निवड सोयीची होती, कारण एक बार हा दाब समुद्रसपाटीपासून सुमारे ११० मीटर उंचीवरील सर्वसाधारण वायुभाराइतका असतो. नेपियर शॉ यांच्या पुढाकाराने ब्रिटिश हवामान खात्याने १९१४ पासून आपल्या दैनिक वृत्तात मिलिबार घेतला. परंतु 'बार' हे नाव त्यापूर्वीच दुसऱ्याने घेतलेले होते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ थिओडोर रिचर्ड्स यांच्या लेखनात बार म्हणजे चौरस सेंटिमीटरावर एक डाइन, आणि ब्यर्कनेस यांचा बार म्हणजे 'मेगाबार'. ध्वनिशास्त्रज्ञही बराच काळ लहान बारच वापरीत. अमेरिकेतील ब्लू हिल वेधशाळेचे संचालक अलेक्झांडर मॅकाडी यांनी रसायनशास्त्रज्ञांची बाजू घेतली आणि जगाने ज्याला मिलिबार म्हटले त्याला ते 'किलोबार' म्हणू लागले. त्यांच्या लेखी प्रमाण वायुभार १००० किलोबार होता. आज भूगर्भशास्त्रज्ञ पृथ्वीच्या पोटातील दाबासाठी किलोबार हा शब्द वापरतात तेव्हा त्याचा अर्थ मॅकाडींच्या किलोबारच्या दहा लक्ष पट असतो. एकाच पिढीत, एकाच भाषेत, एकाच शब्दाच्या दोन अर्थांत दहा लक्षांचे अंतर पडल्याची उदाहरणे अर्थविचाराच्या ग्रंथांत फारशी सापडणार नाहीत.

या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. 'बार', 'बॅरोमीटर', 'आयसोबार' हे सारे ग्रीक 'बारोस' म्हणजे वजन या शब्दावरून आले. मराठीत 'आयसोबार'ला समभार रेषा आणि 'बॅरोमीटर'ला वायुभारमापक असे प्रतिशब्द रूढ झाले. अर्थाच्या दृष्टीने ते इतके नेमके बसतात, आणि 'बार' व 'भार' यांचा ध्वनीही इतका जवळचा आहे, की दोन्ही शब्द मुळात एकच असावेत असे विद्यार्थ्यास वाटते. ते एक नाहीत. 'भार' हा 'भृ', वाहणे, या धातूपासून झाला व त्याचे ग्रीक भावंड 'फेरो' हे क्रियापद होय. 'बारोस' आणि 'बारुस' यांचे संस्कृत भावंड आहे 'गुरु', आणि लॅटिन भावंड 'ग्राविस', ज्यावरून 'ग्रॅव्हिटी' आली. म्हणजे मूळ कुळाच्या नात्याने पाहता बॅरोमीटर आणि गुरुत्व हेच सख्खे. भार हा केवळ आवाजाने सारखा दिसणारा शेजारी. पुढे 'वायुभार' मागे पडून 'वायुदाब' पुढे आला, तो शास्त्राच्या दृष्टीने इष्टच झाला. दाब सर्व दिशांना असतो. भार फक्त खाली.

आरंभबिंदूचे पद मात्र हवामानशास्त्रापेक्षा कारखान्यांत अधिक घोटाळ्याचे ठरले. १६६२ साली रॉबर्ट बॉइल याने हवेचे आकारमान व दाब यांचा संबंध दाखविणारे जे कोष्टक छापले, त्यात नळीतील पाऱ्याच्या जादा उंचीत प्रत्येक ओळीला २९ १/८ इंच मिळविलेले आहेत. ती बाहेरच्या हवेची भर. ही भर न घालता गणित केले तर नियम हाती लागत नाही. पण १८४९ साली बूर्दों याने वळणदार चपट्या नळीचा दाबमापक शोधला व तो बाष्पयंत्रावर बसला, तेव्हा त्याची तबकडी बाहेरच्या हवेला शून्य मानणारी निघाली. बॉइलरचे काम करणाऱ्यास बॉइलर फुटेल की नाही एवढेच हवे असते, आणि त्यासाठी आतल्या व बाहेरच्या दाबांतील फरक पुरतो. बाष्पाचे तपमान वा आकारमान काढणाऱ्यास मात्र निर्वातापासूनचा दाब लागतो. इंग्रजी प्रघातात चौरस इंचावरील पौंडांच्या संक्षेपाला पुढे एक जादा अक्षर जोडून हा भेद दाखवितात. जर्मन अभियंत्यांनी 'तांत्रिक वातावरण' या एककाच्या 'आट' या संक्षेपाला प्रत्यय लावून 'आटा' हे निरपेक्ष दाबाचे व 'आट्यू' हे जादा दाबाचे रूप केले. एककाला विभक्तिप्रत्यय लागावा तसाच हा प्रकार. शुद्धतावादी पदार्थवैज्ञानिकांना तो पटला नाही, कारण एकक हे राशीचे माप, राशीचे वर्णन नव्हे. त्यांचे म्हणणे तर्कशुद्ध खरेच; परंतु बॉइलरच्या पुढ्यात उभे राहणाऱ्याची सोय प्रत्ययानेच होते. शिवाय तांत्रिक वातावरण म्हणजे चौरस सेंटिमीटरावर एक किलोग्रॅम वजन, ९८.०७ किलोपास्कल, आणि पदार्थविज्ञानातील प्रमाण वातावरण १०१.३२५ किलोपास्कल. तीन टक्क्यांहून अधिक फरकाची दोन 'वातावरणे' एकाच पानावर भेटतात.

महाराष्ट्रात मोटारीच्या चाकात हवा भरताना "तीस पौंड" म्हणतात. त्यात 'चौरस इंचावर' हे पद गळलेले आहे आणि 'बाहेरच्या हवेहून जास्त' हेही. चाकात प्रत्यक्ष असलेला दाब पंचेचाळीस पौंडांच्या जवळ असतो. या बोलीत चूक काहीच नाही. अध्याहार जोवर दोन्ही बाजूंस ठाऊक आहे तोवर भाषा अशीच चालते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक अध्याहृत पदे परिषदांच्या ठरावांनी गोठविण्यात आली. १९५४ साली दहाव्या सार्वत्रिक परिषदेने प्रमाण वातावरण म्हणजे चौरस सेंटिमीटरावर नेमके १०,१३,२५० डाइन, असे ठरविले. त्या क्षणापासून या एककातून पारा वजा झाला. टॉरिचेलीच्या नावाचा 'टॉर' हा त्याचा सातशेसाठावा भाग. 'पाऱ्याचा एक मिलिमीटर' हे एकक मात्र पाऱ्याची ठराविक घनता व प्रमाण गुरुत्व गृहीत धरून स्वतंत्रपणे ठरलेले असल्यामुळे त्यात व टॉरमध्ये सत्तर लक्षांत एक एवढे अंतर राहिले आहे. हे अंतर कोणत्याही व्यवहारी मापनात जाणवणारे नाही. पण ती दोन नावे समानार्थी नाहीत, एवढे सांगण्यास पुरेसे आहे. १९७१ साली चौदाव्या परिषदेने चौरस मीटरावरील एका न्यूटनला 'पास्कल' हे नाव दिले, १९८२ साली रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने प्रमाण दाब म्हणून एक वातावरणाऐवजी एक बार सुचविला, आणि १९८६ पासून जागतिक हवामान संघटनेने मिलिबारच्या जागी हेक्टोपास्कल स्वीकारला. शेवटचा बदल केवळ नामांतराचा होता. आकडा तोच राहिला.

वैद्यकाने मात्र पारा सोडला नाही. स्टीफन हेल्स याने १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त ८ फूट ३ इंच चढलेले पाहिले. तेथे रक्त हेच माप होते. पाऱ्यात ती उंची सुमारे १९५ मिलिमीटर होते. १८२८ साली प्वाझय याने पाऱ्याचा मापक वापरला, त्यामुळे अडीच मीटरांची नळी टळली व प्रयोग टेबलावर आला. १८९६ साली रिव्हा-रोची याच्या दंडावर बांधावयाच्या पट्टीने तोच मापक रुग्णापर्यंत पोचला. आज रक्तदाब मोजणाऱ्या बहुसंख्य नव्या यंत्रांत पारा नसतो, पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणारा मिनामाता करार २०१७ पासून अंमलात आहे, तरी डॉक्टर "एकशेवीस" म्हणतात ते पाऱ्याचेच मिलिमीटर. १६ किलोपास्कल म्हटले असते तर रुग्णाला आणि डॉक्टरलाही क्षणभर थांबावे लागले असते. आकड्यांच्या सवयीला परिषदेचा ठराव पुरत नाही.

विमानवाहतुकीत हीच सवय जिवावर बेतू शकते. अमेरिकेत विमानाच्या उंचीमापकासाठी वायुभार पाऱ्याच्या इंचांत सांगतात, भारतात व जगातील बहुतेक देशांत हेक्टोपास्कलांत. प्रमाण वायुभार २९.९२ इंच, आणि अमेरिकन वैमानिक घाईत त्याचा पहिला अंक गाळून "नऊ-नऊ-दोन" ऐकण्यास सरावलेला. दुसऱ्या देशातील नियंत्रकाने ९९२ हेक्टोपास्कल सांगितले आणि एककाचे नाव गळाले, तर तो २९.९२ लावण्याचा संभव असतो. ९९२ हेक्टोपास्कल म्हणजे २९.२९ इंच. फरक २१ हेक्टोपास्कलांचा, उंचीत जवळजवळ ६०० फुटांचा. आणि धोक्याच्या बाजूचा, कारण विमान प्रत्यक्षात तबकडीने दाखविलेल्या उंचीपेक्षा खाली असते. येथे एक पद अध्याहृत ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही, म्हणूनच एककाचा उच्चार करण्याबाबत या क्षेत्रात एवढा आग्रह धरला जातो.

इतिहासाच्या अभ्यासकासमोर प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली आणि तेथील वायुभाराच्या नियमित नोंदी १८४० च्या दशकापासूनच्या आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या वायुभारात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत होणारा बदल मोसमी पावसाच्या पूर्वानुमानासाठी तपासला, तेव्हा या दीर्घ मालिकेचे मोल विशेष जाणवले. अशा मालिकेत रूपांतर किती नाजूक असते हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. पावसाळ्यातील एके दिवशी यंत्रावर २९.८५० इंच वाचले व पाऱ्याचे तपमान ८४ अंश फॅरनहाइट होते, असे धरू. कोष्टकातील गुणकाने सरळ गुणल्यास १०१०.८ हेक्टोपास्कल येतात. तपमानाची दुरुस्ती केली की पारा २९.७०१ इंचांवर येतो, म्हणजे १००५.८. मुंबईचे गुरुत्व ९७८.६ च्या जवळपास असल्यामुळे आणखी सुमारे ०.०६ इंच वजा होऊन शेवटी १००३.७ हेक्टोपास्कल उरतात. पहिल्या व अखेरच्या उत्तरांत सात हेक्टोपास्कलांचे अंतर आहे. मुंबईच्या जानेवारी व जुलै यांच्या सरासरी वायुभारातील अंतरच मुळी दहाच्या आसपास, आणि एका वर्षाच्या जुलैचा दुसऱ्या वर्षाच्या जुलैहून फरक बहुधा एक-दोन हेक्टोपास्कलांच्या आतला.

सर्व वर्षांना एकच चूक लागू असेल तर ती फरकांच्या गणितात छाटली जाते व फारशी बाधक होत नाही. घात होतो तो दुरुस्ती मधल्याच एखाद्या वर्षी सुरू झाली असेल तर. गुरुत्वाची दुरुस्ती ज्या वर्षापासून लागू झाली त्या वर्षापासून मुंबईसारख्या ठिकाणचा वायुभार कागदोपत्री दोन हेक्टोपास्कलांनी उतरतो आणि तसाच राहतो. मालिकेकडे नुसत्या आकड्यांच्या रूपाने पाहणाऱ्यास तो हवामानातील कायमचा पालट वाटेल. तो पालट नसून नोंदीच्या व्याकरणातील बदल आहे, हे ओळखण्याचे साधन आकड्यांत नसते. ते असते नोंदवहीच्या प्रस्तावनेत, पानाच्या माथ्यावरील "३२ अंशांवर आणलेले" अशा शेऱ्यात, आणि वायुभारमापकाला जोडलेल्या तापमापकाच्या त्या स्तंभात. नोंदी संगणकावर उतरविताना जागा वाचविण्यासाठी नेमका हाच स्तंभ वगळण्याचा मोह होतो.